‘फॅसाइल’ म्हणजे शाबासकी की टपली?

हा प्रश्न विचारणारे वाचक इथे कोल्हापुरातच रसायनशास्त्रात पीएच.डी. करतात. काचेवर झिंक ऑक्साइडचा पातळ थर चढवून त्यांनी वायू ओळखणारा सेन्सर तयार केला, त्यावर इंग्रजीत शोधनिबंध लिहिला आणि शीर्षकाची सुरुवातच ‘अ फॅसाइल सिंथेसिस’ अशी केली. परदेशातल्या नियतकालिकाकडून परीक्षकांचे शेरे आले. त्यातला एक असा, की चौथ्या भागातले स्पष्टीकरण ‘रादर फॅसाइल’, म्हणजे ‘जरा फॅसाइलच’, आहे. शब्दकोश उघडला तर फॅसाइल म्हणजे सोपा, सुलभ. म्हणून त्यांनी उत्तराचा मसुदाही करून ठेवला: ‘आमच्या सुलभ मांडणीचे कौतुक केल्याबद्दल परीक्षकांचे आभार.’ हे पाठवू का, असे ते विचारतात.

नका पाठवू. शेरा टीकेचा आहे, आणि बऱ्यापैकी बोचरा आहे. गंमत अशी, की तुमच्या शीर्षकातला तोच शब्द मात्र चुकलेला नाही. एकाच निबंधात एकच शब्द वर चांगला आणि खाली वाईट कसा, ही तुमची खरी अडचण आहे. शब्दकोशातला पहिला अर्थ वाचून ती सुटत नाही, कारण पहिला अर्थ बरोबरच आहे.

मी तीस वर्षे कॉलेजात इंग्रजी शिकवले. आता प्रबंधांची भाषा तपासतो, चित्रांचे कॅटलॉग आणि जमिनीची कागदपत्रे भाषांतरित करतो. या शब्दाने मलाही एकदा तोंडावर पाडले आहे. ते पुढे सांगतो. आधी शब्दाचे मूळ बघू, कारण इथे मूळ उपयोगी पडते.

लॅटिनमध्ये ‘फाकेरे’ म्हणजे करणे. त्यावरून ‘फाकिलिस’, म्हणजे करायला सोपे. आपल्याकडे याची हुबेहूब जोडी आहे: ‘कृ’ धातूवरून सुकर. उलट अर्थासाठी आपण दुष्कर म्हणतो, तसे लॅटिनने ‘दिफ्फिकिलिस’ केले. इंग्रजीतले डिफिकल्ट त्याच घरातले. फॅसिलिटी, फॅसिलिटेट, फॅकल्टी ही सगळी त्यांची भावकी. म्हणजे कुळ पाहिले तर डिफिकल्टचा सख्खा विरुद्धार्थी शब्द फॅसाइल, पण जोडी जमली ती ईझीशी.

मूळ लॅटिन शब्दात वाईट काही नव्हते. माणसाला लावला तर अर्थ मनमिळाऊ, ज्याच्याशी बोलायला अवघड जात नाही असा. रोमन कवी व्हर्जिलच्या ‘इनीड’ या महाकाव्याच्या सहाव्या सर्गात एक प्रसिद्ध जागा आहे: पाताळात उतरणे फाकिलिस आहे, पण पावले मागे वळवून पुन्हा वर उजेडात येणे, कष्ट आहेत ते तिथे. तिथेही शब्दाचा अर्थ नुसता ‘सोपे’ असाच आहे. मला मात्र नेहमी वाटते, की सोपी वाट खाली नेणारी निघाली की त्या शब्दावर थोडी सावली पडतेच.

फ्रेंचमार्गे हा शब्द पंधराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला, तोही आधी साध्या अर्थाने. १६६७ साली आलेल्या मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्यात तो दोन ठिकाणी बघण्यासारखा आहे. चौथ्या सर्गात नरकाच्या दरवाजांना ‘फॅसाइल’ म्हटले आहे: अडसर जेमतेम, ढकलले की उघडणारे. नवव्या सर्गात, वर्ज्य फळ खाऊन सगळा घोटाळा होऊन गेल्यावर, ईव्ह आदमवरच उलटते: तू तेव्हा फारच फॅसाइल होतास, फारसा विरोध केला नाहीस, उलट जा म्हणालास. इथे शब्द माणसाच्या स्वभावावर आला. कोणीही बोलून वळवावा असा, मऊ. मऊ सापडले म्हणून कोपराने खणणारे लोक ज्याला शोधत असतात, तो हा माणूस. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी कोशात हे अर्थ शेजारी शेजारी बसलेले आहेत: करायला सोपे, बोलायला सोपा आणि चांगल्यावाईटाकडे चटकन वळणारा. स्कॉटलंडच्या कायद्यात तर हा अर्थ अजून जिवंत आहे. वार्धक्याने किंवा आजाराने मन दुबळे झालेल्या माणसाला गोड बोलून, फसवून कोणी मृत्युपत्र करून घेतले, तर ते ज्या मुद्द्यावर रद्द करता येते त्याच्या नावातच ‘फॅसिलिटी’ आहे. आपल्याकडच्या फॅसिलिटी सेंटरच्या पाट्या वाचून एखादा स्कॉटिश वकील दचकत असेल.

मग ‘वरवरचा’ हा आजचा अर्थ कसा आला? मला वाटते, ईझीमुळे. ईझी हा शब्द इंग्रजीत साधारण १२०० पासून आहे, म्हणजे फॅसाइल येईपर्यंत त्याने घर, बाजार, शेत सगळे व्यापले होते. एका अर्थाचे दोन शब्द झाले की भाषा त्यांना फार काळ सारखे राहू देत नाही. एक रोजच्या कामाला राहतो, दुसऱ्याला काहीतरी वेगळे काम शोधावे लागते. हे समजून घ्यायला इंग्रजीत जायची गरज नाही. सवंग हा शब्द घ्या. महार्घचे महाग झाले, समर्घचे सवंग. सवंग म्हणजे फक्त स्वस्त. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात तो याच अर्थाने आहे, आणि धान्य सवंग झाले म्हणजे चांगली बातमी असे. आज लक्ष्मीपुरीत जाऊन ‘ज्वारी सवंग आहे का?’ असे विचारून पाहा. दुकानदार तुमच्याकडे बघतच राहील. ते काम स्वस्तने घेतले. सवंगकडे उरले काय, तर सवंग लोकप्रियता, सवंग विनोद, सवंग टाळ्या. जे मिळवायला किंमत मोजावी लागायला हवी होती ते न मोजता मिळवले, हा ठपका त्या शब्दात बसला.

फॅसाइलचे नेमके हेच झाले. विचार, युक्तिवाद, तुलना या गोष्टींना कष्ट पडायला हवेत. ते न घेता निष्कर्ष हाती आला, तर तो फॅसाइल. विद्यार्थ्यांना मी आता हा शब्द ‘सुलभ’ सांगून शिकवत नाही, ‘सवंग’ सांगून शिकवतो आणि मग अपवाद सांगतो.

ईझीची कथा वेगळी आहे आणि मला जास्त आवडते. जुन्या फ्रेंचमधल्या ‘एझ’वरून तो आला, आणि त्या शब्दात कामापेक्षा ऐसपैसपणा होता: हातपाय पसरायला जागा, मोकळीक, आराम. म्हणून इंग्रजीत ईझी हा आधी सुखाचा शब्द, सोपेपणाचा नंतर. डिझीज म्हणजे मुळात ‘ईझ’ नसणे, अस्वस्थता. रोग हा अर्थ पाठोपाठ आला. एनसीसीत गेलेल्यांना हे उभ्या उभ्या कळलेले असते. ‘स्टँड ॲट ईझ’ म्हणजे विश्राम, ‘स्टँड ईझी’ म्हणजे आराम से. विश्राममध्ये पाय फाकवून, हात मागे बांधून ताठच राहावे लागते. आराम से म्हटल्यावर खांदे सैल सोडता येतात, नाकावरची माशी मात्र तरीही उडवायची नाही. एकाच शब्दातून सैलपणाच्या दोन पायऱ्या केल्या आहेत.

थोडे विषय सोडून सांगतो, पण जमिनीची कागदपत्रे वाचणाऱ्याला उपयोगी पडेल. इझमेंट हा शब्दही याच ‘ईझ’चा. शेजाऱ्याच्या रानातून आपल्या रानात जाण्याची वाट, भिंतीवरून येणारा उजेड, वारा यांचा हक्क. १८८२ चा इझमेंट कायदा आहे. मुंबई इलाख्याला तो १८९१ साली लागू झाला. वीस वर्षे बिनहरकत, उघडपणे, हक्काने वापर असेल तर असा हक्क पक्का होतो, जमीन सरकारची असेल तर तीस वर्षे. अधिकृत मराठीत त्याला सुविधाधिकार म्हणतात. उसाची गाडी अडवल्यावर बांधावर भांडणारा माणूस हा शब्द वापरत नाही, तो म्हणतो, ‘आमच्या आज्यापासनं वहिवाट हाय.’ मी भाषांतरात सुविधाधिकार लिहितो आणि पक्षकाराला समजावताना वहिवाट म्हणतो.

ईझीचे बाकीचे संसारही बघा. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये, म्हणजे १८१३ साली, बिंग्ली हा गावात नवा आलेला तरुण प्रथम दिसतो तेव्हा त्याची वागणूक ‘ईझी’ आणि नखरा नसलेली आहे असे सांगितले आहे. इथे ‘सोपी वागणूक’ लिहिणारा भाषांतरकार मी पाहिला आहे. तिथे मोकळी म्हणायचे. ‘ईझी सर्कमस्टन्सेस’मधले कुटुंब म्हणजे खाऊनपिऊन सुखी. ‘ईझी टर्म्स’ म्हणजे फर्निचरच्या दुकानावरचे ‘सुलभ हप्ते’. गुळाचा बाजार ईझी झाला तर नरम. आणि बाईच्या चारित्र्याला ईझी म्हटले की ती शिवी आहे. म्हणजे ईझीही काही ठिकाणी घसरतोच. फक्त त्याचा पसारा एवढा मोठा, की एखाददुसऱ्या डागाने त्याचे नाव खराब झाले नाही. फॅसाइलकडे तेवढा पसारा नव्हता.

(आपल्याकडचा ‘सोपा’ही काही साधा नाही. कोल्हापूरकडच्या जुन्या घरात पुढचा भाग म्हणजे सोपा. ‘पेपर सोप्यात आहे’ असे आमच्या आजीने सांगितल्यावर पुण्याहून आलेला माझा मित्र परीक्षेबद्दल बोलायला लागला होता.)

आता माझी फजिती. हे गाव चित्रकारांचे. इथल्या एका ज्येष्ठ जलरंग चित्रकारांच्या प्रदर्शनासाठी मी इंग्रजी कॅटलॉग लिहीत होतो. लिहिण्याआधी एका सकाळी त्यांच्यासोबत रंकाळ्यावर गेलो. त्यांनी कागद ओला केला आणि काहीच केले नाही. मांडीवर बोर्ड तिरका धरून कागदाकडे बघत बसले. पाण्याची चमक कमी होत आली, कडेला थोडी उरली, तेव्हा एकदम मोठा ब्रश भरून वरून खाली आभाळ ओढले, चार-पाच फटकाऱ्यांत. पुन्हा हात लावला नाही. संध्यामठाची आकृती त्या ओलीत अर्धी विरघळून उभी राहिली. मी भारावून घरी आलो आणि लिहिले, की यांच्या हातात ‘फॅसाइल ब्रश’ आहे. मला म्हणायचे होते, सहज हात. कॅटलॉग छापला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्यांचा मुलगा तो घेऊन आला. परदेशात शिकलेला. शांतपणे म्हणाला, ‘सर, बाबांचं काम वरवरचं आहे असं तुम्हाला म्हणायचं नाहीये, हे मला माहीत आहे. पण वाचणाऱ्याला कसं कळायचं?’ मी शब्दकोश पुढे केला. तो म्हणाला, जुना आहे.

म्हातारे चित्रकार शेजारीच बसले होते. त्यांनी विचारले, ‘काय झालं ओ? वंगाळ लिवलंय व्हय मास्तरांनी?’ मी खरे ते सांगितले. ते हसले, पण मला रात्रभर झोप नाही. चारशे प्रतींवर पांढरी पट्टी चिकटवून वर ‘अश्युअर्ड’, म्हणजे सराईत, असे छापले. ती पट्टी अजूनही उन्हात धरली की खालचा शब्द दिसतो.

माझी चूक नेमकी कुठे होती हे कळायला वेळ लागला. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजीत ‘फॅसाइल पेन’ म्हणजे ओघवती लेखणी, ही स्तुती होऊ शकत असे. मी वाचलेली पुस्तके त्या काळातली. मी लिहीत होतो आजच्या वाचकासाठी. शब्दाची जुनी सनद दाखवून नवा वाचक गप्प बसत नाही.

तेव्हापासून मी फॅसाइल दिसला की त्याच्या पुढचे नाम बघतो आणि विचारतो: इथे कष्ट वाचले ते चांगले झाले का? पद्धत, प्रक्रिया, अभिक्रिया यांत कष्ट वाचणे चांगलेच. तुमचे शीर्षक म्हणूनच बरोबर. केमिकल बाथमध्ये काच बुडवून, निर्वात यंत्रणेशिवाय, पाणी उकळायच्या आतल्या तापमानाला थर चढला, तर ती सिंथेसिस फॅसाइल म्हणण्यात कोणाला राग येणार नाही. रसायनशास्त्रात एखादी अभिक्रिया अडथळा कमी असल्याने झटकन होते, तिलाही फॅसाइल म्हणतात. तुमच्या विषयाने शब्दाचा लॅटिन अर्थ जपून ठेवला आहे. खेळातही तसेच: ‘फॅसाइल विन’ म्हणजे एकतर्फी जय. खासबागेच्या कुस्ती मैदानात पहिल्या मिनिटाला चितपट झाली तर जिंकणाऱ्याचा त्यात दोष नाही, जोड चुकीची लावली एवढेच.

पण उत्तर, स्पष्टीकरण, तुलना, निष्कर्ष, आशावाद असे डोक्यातून निघणारे काही पुढे असेल, तर तिथे कष्ट टाळल्याचा आरोप आहे. परीक्षकाने ‘एक्स्प्लनेशन’ला फॅसाइल म्हटले आहे. शिवाय आधी ‘रादर’ लावले आहे. ब्रिटिश सभ्यतेत ‘रादर’ हा चिमट्याआधीचा रुमाल असतो.

एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे. परीक्षक फ्रान्स, इटली किंवा स्पेनचा असेल तर त्याच्या भाषेत हाच शब्द आजही निखळ ‘सोपा’ असा आहे, आणि तो तसाच इंग्रजीत उतरू शकतो. परीक्षकाचे नाव तुम्हाला कळत नाही, पण बाकीचे शेरे कळतात. त्याने सगळीकडे ‘सिंपल’ आणि ‘क्लिअर’ वापरून तारीफ केली असेल आणि इथेच फॅसाइल आला असेल, तर टीका. त्याच परिच्छेदात त्याने मोजमाप मागितले असेल तर शंकाच नको. तुम्ही पाठवलेल्या मजकुरात पुढचेच वाक्य आहे: पृष्ठफळाचे आकडे कुठे आहेत?

म्हणजे झाले काय ते सरळ दिसते. तुम्ही लिहिले आहे, की थरातल्या कांड्या बारीक आहेत, म्हणून पृष्ठफळ जास्त, म्हणून वायूला प्रतिसाद जास्त. तिन्ही पायऱ्या ऐकायला गोड आहेत आणि कदाचित खऱ्याही असतील. पण मधली पायरी तुम्ही मोजलेली नाही. सूक्ष्मदर्शकातला फोटो पाहून ती धरून चालला आहात. फॅसाइल म्हणजे चूक असे नाही, हे लक्षात ठेवा. ‘सिंप्लिस्टिक’ म्हटले असते तर अर्थ झाला असता, की गुंतागुंतीचे प्रकरण तुम्ही फार सोपे करून टाकले. ‘ग्लिब’ म्हटले असते तर जीभ निसरडी आहे असा. ग्लिबचे मूळच निसरडेपणाचे आहे. फॅसाइल म्हणजे एवढेच, की हे सुचायला तुम्हाला काही पडले नाही. कोणालाही पहिल्या झटक्यात हेच सुचेल. प्रतिसाद वाढायचे दुसरे कारण असू शकते का, थराची जाडी, त्यातले दोष, तापमान, याचा विचार दिसत नाही.

त्यामुळे उत्तरात आभार माना ते मुद्दा दाखवल्याबद्दल, कौतुकाबद्दल नको. मग लिहा, की आधीचे स्पष्टीकरण पुरेसे तपासलेले नव्हते हे मान्य आहे. पृष्ठफळ मोजले, इतके आले. जाडी सारखी ठेवून दोन नमुने ताडून पाहिले. मोजायची सोय नसेल तर ‘म्हणून’ काढा आणि ‘हे एक कारण असू शकते’ असे लिहा. तेवढ्यानेही शेऱ्याचा निम्मा जोर जातो. उत्तरात फॅसाइल हा शब्द परत वापरू नका. मी एकदा एका विद्यार्थिनीचे ‘वुई ॲग्री दॅट इट इज फॅसाइल’ हे वाक्य वेळेवर खोडले होते. ती बिचारी नम्रपणे आपल्याच तोंडात मारून घेत होती.

उच्चाराचेही विचारले आहे, ते चटकन: ब्रिटिश फॅसाइल, अमेरिकन फॅसल. तोंडी परीक्षेत दोन्ही चालतात, एका वाक्यात दोन्ही नकोत.

राहिले शीर्षक. शब्द बरोबर आहे, पण माझ्या टेबलावर येणाऱ्या रसायन आणि भौतिकशास्त्राच्या निबंधांत तो इतक्या वेळा दिसतो, की आता वाचताना डोळा त्यावरून घसरतो. शिवाय या परीक्षकाला तुमचे शीर्षक आणि स्वतःचा शेरा एका पानावर दिसणार आहे. मी असतो तर शब्द काढला असता आणि त्या जागी सोपेपणा कशात आहे ते घातले असते: किती अंशाला, किती तासांत, कोणत्या यंत्राशिवाय. सुधारलेला चौथा भाग तयार झाला की पाठवा, बघतो. रविवार सोडून.